कणकेचा बैल

गेल्या वर्षीं पोळ्याच्या आदल्या दिवशीं भंडाऱ्यास आमच्या घरीं एक लहानसा वाद झाला. वाद म्हणण्याजोगाहि तो नव्हता. एक वाक्य इकडून, दोन तिकडून, आणि मग बराच वेळ मौन. बाहेर पावसाची झड लागलेली, मुलांना शाळा नाहीं, अंगणांत जाण्याची सोय नाहीं. अशा वेळीं सूनबाईनें शेगडीवर पातेलें ठेवून त्यांत दोन वाट्या कणीक घातली आणि तिच्यावर वाटीभर मीठ ओतलें. आमच्या मातोश्रींचें वय आतां नव्वदीच्या घरांत आहे. दृष्टि मंद झाली असली तरी स्वयंपाकघरांत कोठें काय चुकतें आहे हें त्यांना आवाजावरूनहि कळतें. त्या म्हणाल्या, “अगं, एवढें मीठ? हें खाणार कोण?”

“खायचें नाहीं, आजी,” सूनबाई म्हणाली. “मुलांना खेळायला करतें आहे. रंग घालून गोळे करून देतें, म्हणजे सणाचे दोन दिवस तरी घर शांत राहील.”

कांहीं वेळानें मातोश्री इतकेंच म्हणाल्या, “गव्हाचें पीठ आहे तें.”

या चार शब्दांच्या मागें जो इतिहास आहे तो त्या दिवसापासून आमची पाठ सोडीना. सूनबाईला वाटत होतें कीं आपण कांहीं तरी नवीन, परदेशांतून आलेलें करीत आहों. मातोश्रींना वाटत होतें कीं घरांत कांहीं तरी अनुचित घडत आहे. विचार करूं लागलों तेव्हां दोघींचेंहि म्हणणें अर्धें अर्धें खरें ठरलें. तें कसें, हें वाचकांपुढें मांडावें म्हणून हा लेखनप्रपंच.

भिजवलेल्या पिठाचा गोळा मुलाच्या हातीं देणें ही आपल्या घरांतली फार जुनी युक्ति आहे. पोळ्या लाटण्याची वेळ आणि मुलानें कडेवर येण्यासाठीं रडण्याची वेळ एकच असते, हा प्रत्येक माउलीचा अनुभव. अशा वेळीं परातींतून लिंबाएवढा गोळा तोडून मुलाच्या तळहातावर ठेवला कीं अर्धा तास निश्चिंती. त्या गोळ्याचा प्रथम साप होई, सापाचें वेटोळें होई, आणि थोरलें भावंड मदतीस आलें तर शेवटीं चिमणी होई. चिमणीचे डोळे मोहरीचे. एवढें होईपर्यंत गोळा काळा ठिक्कर पडलेला असे, तरी तो कोणी टाकून देत नसे. पोळ्या आटोपल्यावर तीच चिमणी निखाऱ्यावर भाजून मुलाच्या हातीं परत येई, आणि तें ती राखेसकट खाई. खेळणें आणि घांस यांच्यामध्यें त्या काळीं भिंत नव्हती.

मोठी माणसेंहि हें करीत, मात्र देवाच्या निमित्तानें. आषाढी अमावास्येला, म्हणजे दिव्यांच्या अवसेला, कणकेंत गूळ घालून दिवे वळतात व ते उकडतात. त्यांत तुपाची वात लावतात, आणि ती विझली कीं दिवेच तुपाबरोबर खातात. हा शिल्पप्रकार कोणत्याहि कलाशाळेंत शिकवीत नाहींत. परंतु दिव्याचा कांठ न फाटूं देतां तो वळणें किती अवघड आहे, हें ज्यानें एकदां करून पाहिलें त्यालाच ठाऊक.

येथें एक भेद लक्षांत घेतला पाहिजे. पिठाचा गोळा मुलाला मिळे तो लिंबाएवढा, आणि तोहि परत पोटांत जाण्याच्या बोलीवर. मनसोक्त खेळायचें, मोडायचें, फेंकायचें, तर त्यासाठीं माती. मातीला भंडारा जिल्ह्यांत तोटा नाहीं. हा मुलूख तलावांचा. गोंड राजांच्या अमदानींत कोहळी लोकांनीं येथें भातासाठीं ठिकठिकाणीं पाळी घालून पाणी अडविलें. नवेगांव बांधासारखे त्यांतले कांहीं मोठे तलाव १९९९ सालीं गोंदिया जिल्हा निराळा झाल्यापासून त्या जिल्ह्यांत गेले आहेत, तरी इकडेहि गांवोगांव बोडी आणि तलाव आहेतच. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं कांठाला जी काळसर चिकण माती उघडी पडते, ती मळून तिचे बैल, जातीं, चुली आणि भांडींकुंडीं करण्यांत या भागांतील कित्येक पिढ्यांचें बालपण गेलें. त्यांतलें एकहि खेळणें आज दाखवितां यावयाचें नाहीं. कच्ची माती ती. पहिल्या पावसांत जिथून आली तिथें परत गेली.

तरी क्वचित् अशी कच्ची मातीहि जपली जाते. पुणें जिल्ह्यांतील इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ पासून पुढें बरींच वर्षें उत्खनन केलें. तेथें एका घराच्या जमिनीखालीं मातीची एक लांबट डबी पुरलेली सांपडली. आंत शिर नसलेली एक स्त्रीमूर्ति. तिच्याबरोबर शिर असलेली दुसरी. आणि एक बैल. बैलाच्या पाठीला भोंक आणि बिनशिराच्या मूर्तीच्या पोटाला भोंक, म्हणजे काडी घालून ती मूर्ति बैलावर बसवितां यावी अशी योजना. सगळें न भाजलेल्या मातीचें, आणि तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींचें. विद्वान् लोक हिला देवता म्हणतात, आणि तें खरेंच असेल. तिला ज्या काळजीनें पुरलें आहे त्यावरून ती खेळण्यांतली दिसत नाहीं. परंतु काडीनें जोडावयाची ती तऱ्हा मात्र आमच्या ओळखीची आहे. मातीच्या बैलाला पाय, शिंगें आणि स्वार जोडण्यासाठीं खराट्याच्या काड्या आम्हींहि वापरल्या आहेत. त्याहिपूर्वींच्या सिंधुकांठच्या नगरांत तर मान हालविणारे मातीचे बैल आणि चाकांच्या गाड्या निघाल्या आहेत, आणि त्या मुलांच्या खेळण्यांतल्याच असाव्या असें सर्वसाधारण मत आहे.

मातीच्या खेळण्याची आपल्या वाङ्मयांतली सर्वांत प्रसिद्ध कथा शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’ची. नाटकाचें नांवच मुळीं एका खेळण्यावरून पडलेलें. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून आला आहे. रदनिका दासी त्याला मातीची गाडी करून देते. तो ती नको म्हणून रडतो. आणि वसंतसेना आपले दागिने काढून त्या मातीच्या गाडींत भरते. प्रसंग हृद्य आहे यांत शंका नाहीं. तथापि आम्हांला नेहमीं वाटतें कीं रदनिकेनें एक चूक केली. तिनें गाडी करून दिली. मातीचा गोळाच रोहसेनाच्या हातीं दिला असता, तर त्यानें केलेली वांकडीतिकडी गाडी त्याला सोन्याच्या गाडीहून प्रिय झाली असती. अर्थात् मग नाटक झालें नसतें.

आतां पोळ्याकडे वळूं. कारण विदर्भांत माती, पीठ आणि मूल या तिघांची गांठ याच सणाला पडते. श्रावणांतील अमावास्या हा पोळ्याचा दिवस. आदल्या दिवशीं बैलांचे खांदे तूपहळदीनें शेकावयाचे, दुसऱ्या दिवशीं त्यांना न्हाऊं घालून शिंगें रंगवावयाचीं, झुली चढवावयाच्या, तोरणाखालीं उभें करून झडत्या म्हणावयाच्या. ज्याच्या गोठ्यांत बैल नाहीं तो मातीची जोडी करून तिची पूजा करतो. आज ट्रॅक्टरामुळें बैल कमी झाले, तेव्हां मातीची ही जोडी अनेक शेतकऱ्यांच्या घरींहि खऱ्या बैलाची जागा घेऊं लागली आहे. दुसरा दिवस मुलांचा; तान्हा पोळा. लांकडाचे चाकांवरचे बैल, नाहीं तर मातीचे, सजवून मुलें घरोघर नेतात आणि बोजारा मागतात. नागपुरास असें सांगतात कीं हा सण दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या कारकिर्दींत, म्हणजे १७८८ ते १८१६ या काळांत, सुरू झाला. विदर्भाखेरीज इतर महाराष्ट्रांत तो फारसा दिसत नाहीं, ही गोष्ट त्या परंपरेला पोषकच आहे. मोठ्यांच्या सणाची धाकटी प्रतिकृति करून ती सबंध एक दिवस मुलांच्या हवालीं करावी, ही कल्पना ज्याला कोणाला सुचली त्याला बालमन उत्तम कळत होतें.

पण हीच अमावास्या पिठोरी अमावास्या म्हणूनहि ओळखली जाते, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. पिठोरी हें नांव पिठावरून आलें. चौसष्ट योगिनींच्या पिठाच्या मूर्ति करून त्यांची पूजा करावयाची, असें हें व्रत; हल्लीं बहुतेक घरीं मूर्तींच्या जागीं त्यांचें चित्र असतें. व्रत करावयाचें तें आईनें, आणि तेंहि मुलांच्या आयुष्यासाठीं. शेवटीं ती खिरीपुरीचें वाण डोक्यावरून मागें धरून विचारते, “अतित कोण?” मूल मागून म्हणतें, “मी.” म्हणजे एकाच दिवशीं गोठ्याकडे मातीचा बैल आणि देवघरांत पिठाची योगिनी. माती बापाची, पीठ आईचें, असें म्हणण्याचा मोह होतो. पण तो आवरतों, कारण इकडे भुलाबाई आहे. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली जिच्यापुढें गाणीं म्हणतात ती भुलाबाई मातीचीच.

एवढें पुराण सांगून झाल्यावर मूळ प्रश्न उरतोच. दिव्यासाठीं पीठ चालतें, योगिनीसाठीं चालतें, चिमणीसाठींहि चालतें, तर सूनबाईच्या दोन वाट्यांनीं असें काय बिघडलें? त्याचें उत्तर शोधावयाचें तर भंडाऱ्याच्या शेतांत उतरावें लागतें.

हा जिल्हा भाताचा. चिन्नोरासारखा सुवासिक तांदूळ येथें पिकतो. धान, त्याचा कोंडा, त्याची कणी यांच्याच भाषेंत येथील संसार चालतो. गहूं पिकतो तो दुसरें पीक म्हणून, थोडा. आणि जुन्या काळीं साध्या घरांत गव्हाची पोळी ही सणावाराची वस्तु. आतां गंमत अशी आहे कीं ज्या पिठाला आकार देतां येतो तें पीठ गव्हाचें. तांदळाचें पीठ थंड पाण्यांत कितीहि मळा, तें भुरभुरतेंच. याचें कारण इटलीतील बोलोन्या येथील बेक्कारी नामक पंडितानें अठराव्या शतकांत शोधून काढलें. १७४५ सालीं तें छापून प्रसिद्ध झालें. त्यानें कणकेचा गोळा पाण्याखालीं धरून हळूहळू धुतला. पांढरें सत्त्व वाहून गेलें आणि हातांत राहिला रबरासारखा ताणणारा एक चिकट लगदा. हेंच ग्लूटेन. वाचकांपैकीं कोणीहि हा प्रयोग घरच्या नळाखालीं पांच मिनिटांत करून पाहावा. मुलांना तो जादूसारखा वाटतो. तांदळांत हें द्रव्य नाहीं. म्हणून तांदळाचें पीठ वळावयाचें असेल तर उकळत्या पाण्यांत त्याची उकड काढावी लागते. उष्णतेनें त्यांतलें सत्त्व फुगून खळीसारखें होतें आणि कण एकमेकांस धरून राहतात. मोदकाची पारी वळतां येते ती याच न्यायानें.

तेव्हां भंडाऱ्याच्या आईनें मुलाच्या हातावर कणकेचा गोळा ठेवला, तर ती आपल्या घरांतलें सर्वांत महागडें पीठ देत होती. तें लिंबाएवढेंच कां, याचा उलगडा यांत आहे.

आणि तेंहि बऱ्या दिवसांत. १८९६ सालीं पाऊस आगाऊच तुटला आणि धान उभ्या शेतांत वाळलें. १८९९-१९०० चा दुष्काळ तर त्याहून दारुण. १८९१ च्या शिरगणतींत आणि १९०१ च्या शिरगणतींत या जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजीं शेंकडा सुमारें ११ नें घटली. हा आंकडा वाचून पुढें जाणें सोपें आहे. परंतु दर नऊ माणसांमागें एक माणूस उणा, असा त्याचा अर्थ होतो, आणि तो उणा झालेला पुष्कळदां घरांतला लहानगा असे. आमच्या मातोश्रींच्या सासूबाईंना वाढविणाऱ्या पिढीनें हा काळ पाहिला होता. ताटांत शीत टाकूं नये, पिठाचा हात झटकूं नये, परात धुतलेलें पाणी गाईच्या घमेल्यांत टाकावें, हे जे नियम आम्हीं लहानपणीं अंधश्रद्धा म्हणून हंसण्यावारीं नेले, ते त्या पिढीचे होते. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणण्यांत थोडेंसें तत्त्वज्ञान असेल. उरलेली सगळी आठवण आहे.

मिठाचेंहि तसेंच. भंडारा समुद्रापासून किती दूर! रेल्वेपूर्वींच्या काळांत मीठ बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून यावयाचें. पुढें इंग्रजी अमलांत त्यावर कर. त्या करासाठीं १९३० सालीं सारा देश उठला. आणि १९४७ सालीं तो कर उठला. वाटीभर मीठ केवळ खेळ नासूं नये म्हणून ओतावयाचें, ही कल्पना मातोश्रींच्या लहानपणीं वेडगळच ठरली असती.

परदेशांत हा खेळ कसा वाढला, तेंहि थोडक्यांत पाहूं. मुलांचें खेळणें हेंच मुलांचें शिक्षण, असें जर्मनींत फ्रेबेल म्हणाला; १८४० सालीं त्यानें आपल्या शाळेला बालोद्यान अशा अर्थाचें नांव दिलें, आणि त्याच्या उद्योगांत मातीकामाला जागा होती. पुढें माँटेसोरीबाईंनीं फ्रेबेलच्या पुष्कळ गोष्टी बाजूला सारल्या, पण मातीकाम ठेवलें. मुलानें नमुना पाहून नक्कल करूं नये, आपल्या मनानें घडवावें, एवढा मात्र त्यांचा आग्रह होता. १८९७ च्या सुमारास इंग्लंडांतील बाथ येथील विल्यम हारबट नांवाच्या चित्रकलाशिक्षकानें न वाळणारी माती तयार केली, तीच प्लॅस्टिसीन. तिच्यांत पाण्याऐवजीं स्निग्ध द्रव्यें असल्यामुळें ती कधीं सुकत नाहीं. पण ती कडक. लहान बोटांना दमविणारी.

मऊ पिठाची कथा याहून विलक्षण आहे. अमेरिकेंत सिन्सिनाटी शहरीं कुटॉल नांवाची कंपनी भिंतींवरील कागद पुसण्याचा एक लगदा विकीत असे. कोळशाच्या शेगड्यांनीं घरें काजळत, आणि पीठ, मीठ व पाणी यांचा हा लगदा ती काजळी टिपून घेई. महायुद्धानंतर घरोघर गॅस आला, काजळी गेली, आणि लगद्याचें गिऱ्हाईक गेलें. कंपनी बुडण्याच्या बेतांत असतांना मालकांच्या नात्यांतील के झुफॉल या बालवर्ग चालविणाऱ्या बाईंनीं तोच लगदा आपल्या मुलांना खेळावयास दिला. मुलें रमलीं. १९५६ सालीं त्याला नवें नांव देऊन तो डब्यांतून बाजारांत आला: प्ले-डो. आज भंडाऱ्याच्या दुकानांतहि त्या जातीचे रंगीत डबे दिसतात, आणि सूनबाईची कृति ही त्याचीच घरगुती आवृत्ति.

आतां योगायोग पाहा. त्याच १९५६ सालच्या ऑगस्टांत हिंदुस्थान सरकारनें अमेरिकेशीं धान्यकरार केला. पीएल ४८० या कायद्याखालीं तेथला शिलकी गहूं इकडे येऊं लागला. पुढें बारापंधरा वर्षें रेशनच्या दुकानांतून तो लाल गहूं आणि त्याच्याबरोबरची मिलो ज्वारी ज्यांनीं आणली, निवडली, दळली, त्यांत आमच्या मातोश्री होत्या. पोत्यांतला गहूं मोजून घेण्यासाठीं त्या सकाळपासून रांगेंत उभ्या राहिलेल्या आम्हांला आठवतात. एकाच देशाचा गहूं. तेथल्या मुलांच्या हातीं तो खेळणें म्हणून पडत होता, आणि आमच्या हातीं घांस म्हणून. यांत कोणाला दोष देण्यासारखें कांहीं नाहीं. ज्याच्या कोठारांत पीठ उरतें त्याच्याच घरीं त्याचें खेळणें होतें, एवढाच त्याचा हिशेब. परंतु “गव्हाचें पीठ आहे तें” हे चार शब्द कोठून आले तें आम्हांला येथें उमगलें.

याच प्रश्नाला आपल्याकडे एका बाईंनीं फार पूर्वीं हात घातला होता, आणि तोहि वेगळ्या बाजूनें. ताराबाई मोडक लग्नानंतर कांहीं काळ अमरावतीस होत्या, म्हणजे विदर्भाला त्या परक्या नव्हेत. भावनगरास गिजुभाई बधेकांबरोबर काम केल्यावर, १९२६ सालीं स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या द्वारें त्यांनीं मराठी मुलखांत बालशिक्षणाचा पाया घातला. माँटेसोरीबाईंचीं साधनें महाग. तीं खेड्यांत नेणार कोण? १९४५ सालीं बोर्डीस बालवाडी काढतांना ताराबाई व अनुताई वाघ यांनीं शंख, शिंपले, बिया, पानें, काड्या, माती अशीं जवळपास फुकट मिळणारीं साधनें मुलांपुढें मांडलीं. पुढें १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत तेंच काम चाललें. ज्या मुलांच्या घरीं पोटभर पेज नाहीं त्यांच्यापुढें खेळावयास अन्न मांडणें शोभलें नसतें, हें त्यांना कोणी सांगावें लागलें नाहीं.

मग पीठ मुलांना द्यावें कीं नाहीं? आम्हीं हा प्रश्न मातोश्रींनाच विचारला. त्यांनीं उपदेश कांहीं केला नाहीं. कोठीच्या खोलींतला मागचा डबा काढावयास सांगितला. त्यांत किडे पडून कडवट झालेली कणीक होती, गाईसाठीं ठेवलेली. शिवाय गिरणींतून आणलेली तांदळाची कणी होती, तीहि थोडी दळून घेतली. अशा प्रकारें वादाचा प्रयोग झाला, आणि त्यांतून जें हातीं आलें तें येथें नमूद करतों.

नुसत्या तांदळाच्या पिठाची मिठाची उकड संध्याकाळपर्यंत लोण्यासारखी मऊ राहिली आणि सकाळीं तिला भेगा पडल्या. थंड झालेली खळी आखडते, तेंच हिचें झालें. नुसत्या कणकेचा गोळा ताणला कीं परत आखडे. बैलाचें शिंग ओढून उभें केलें कीं तें आपोआप आंत जाई. दोन्ही निम्मेनिम्म घेतल्यावर मात्र जमलें. एक वाटी चाळलेली कणीक, एक वाटी तांदळाचें पीठ, एक वाटी बारीक मीठ, दोन वाट्या पाणी, दोन चमचे तेल आणि एका लिंबाचा रस. सगळें थंडच कालवून गुठळी मोडावी आणि मंद आंचेवर सारखें हालवीत राहावें. पांचसात मिनिटांनीं तें भांडें सोडून पळीभोंवतीं गोळा होतें. मग उतरवून, हाताला सोसवेल तेव्हां तेलाच्या हातानें मळावें. मिठानें बुरशी लागत नाहीं, तेलानें वरची साय धरत नाहीं, आणि लिंबाच्या आंबटपणानें गोळा मऊ राहतो व टिकतोहि. घट्ट झांकणाच्या डब्यांत तीन आठवडे तो चांगला राहिला. मात्र श्रावणांत डबा उघडा टाकूं नये; आमच्याकडच्या दमट हवेंत मीठ पाणी ओढून घेतें आणि गोळा घामेजतो.

रंगासाठीं बाजारांत जाण्याचें कारण नाहीं. हळदीचा पिवळा सर्वांत सोपा, आणि आंत लिंबू असल्यामुळें तो पिवळाच राहतो. तोच गोळा घेऊन त्यांत चिमूटभर खाण्याचा सोडा मळला तर मुलांच्या डोळ्यांदेखत तो तांबडा होतो. कुंकवाची जुनी कृति हीच, तेथें सोड्याऐवजीं चुना असे. चुना मुलांच्या हातीं देऊं नये. उन्हाळ्यांत वाळवून ठेवलेलीं पळसाचीं फुलें घरांत असतील तर त्यांच्या काढ्यानें केशरी रंग फार सुरेख येतो. आणखी एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. या गोळ्यांत मीठ इतकें असतें कीं तान्ह्या मुलानें किंवा घरच्या कुत्र्यानें तो पोटभर खाल्ला तर जिवावर बेतूं शकतें. जुनी कणकेची चिमणी खाण्यासाठींच असे, ही नव्हे. वर्षादोन वर्षांच्या मुलाला खेळावयास द्यावयाचें तर मीठ न घालतां, ताजें, लिंबाएवढें.

पोळ्याच्या दिवशीं घरांत तीन तऱ्हेचे बैल उभे राहिले. थोरल्या नातवानें बाजारांतून मातीची जोडी आणली होती, ती पूजेला बसली. मधल्या नातीनें मिठाच्या गोळ्याचा केशरी बैल केला. त्याला पांच पाय झाले होते, पण पांचवा पाय शेंपटी आहे असें तिचें म्हणणें पडल्यामुळें तो प्रश्न मिटला. मातोश्री बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग त्यांनीं परातींतली पुरणपोळीची कणीक थोडीशी मागून घेतली, आणि बोटांच्या अंदाजानेंच एक आखूड बैल वळला. वशिंड ठसठशीत, डोळे मोहरीचे. तो त्यांनीं तव्याच्या कडेला मंद आंचेवर उलटसुलट करून भाजविला.

दुसऱ्या दिवशीं तान्ह्या पोळ्याला धाकट्या नातवानें हट्टानें तोच भाजलेला बैल घेतला. सूनबाईनें पाटाला दोरी बांधून त्यावर तो बसविला, पावसानें उघडीप दिली होती म्हणून मुलें शेजारीं निघालीं. कोपऱ्यावरच्या घरापर्यंत पोंचेतों बैलाचीं दोन्ही शिंगें आणि एक कान नाहींसे झाले होते. दारांत उभ्या राहिलेल्या वहिनींनीं विचारलें, “अरे, तुझ्या बैलाला शिंगें नाहींत?”

“होतीं,” तो तोंड पुशीत म्हणाला, आणि बोजाऱ्यासाठीं हात पुढें केला.